माफीनामा, एक शब्दही न बदलता

नजीब मुकादमला नियमांचं वेड होतं. कुणाला पान लागतं, कुणाला क्रिकेट; नजीबला नियम लागत. बहरीनमध्ये सलमाबादला खिजरशेटच्या वर्कशॉपमध्ये तो क्लार्क होता. तिथे लोखंडी जिने, दरवाजे, गोदामांचे सांगाडे बनत, आणि चहाच्या किटलीशेजारीसुद्धा नजीबच्या हातचा कागद चिकटवलेला असे: कप विसळून पालथा ठेवावा. 'पालथा' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. कप कुणीच पालथा ठेवत नसे, पण कागद मात्र दर रमजानला नवा लागे.

असा माणूस 'आपलं कोकण, बहरीन' या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन व्हावा यात नवल नव्हतं. ग्रुप कोकण मंडळाचा, मंडळाचे अध्यक्ष खुद्द खिजरशेट, आणि शेटना टायपिंगचा कंटाळा. रिफाच्या बंगल्यांपासून अस्करच्या कारखान्यातल्या खोल्यांपर्यंत पसरलेले रत्नागिरी-रायगडचे सगळे हिंदू-मुसलमान त्या ग्रुपवर होते. ग्रुपचं खरं काम एकच, ते म्हणजे किलो. गावी निघालेल्या माणसाने आपल्या बॅगेत किती किलो जागा उरली आहे ते ग्रुपवर टाकायचं, की बाकीच्यांनी तुटून पडायचं. कुणाची बापासाठीच्या गोळ्यांची पाकिटं, कुणाचे पोरीसाठीचे बूट. येताना त्याच बॅगेतून सोडे, सुकट आणि आमसुलं येत, आणि वास कुणाच्या कपड्यांना लागला यावरून पुन्हा आठवडाभर ग्रुप गाजे.

नजीबने या बाजाराला शिस्त लावली. राजकारण नको, धर्म नको, सकाळच्या गुलाबांची चित्रं नकोत. दापोलीचं आमसूल चांगलं की सावंतवाडीचं यावरून एकदा दोन घरांची बोलाचाली बंद झाली, तेव्हापासून आमसुलावर मतप्रदर्शन नको. जो चुकेल त्याचा मेसेज नजीब पुसून टाकी आणि खाली लिही, 'नियमानुसार काढण्यात आले.' ही ओळ लिहिताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे ते पाहून नूरबानो, त्याची बायको, म्हणे, "निकाह लागला तवा पन एवढं खूश नव्हता तुमी."

त्याची मुलगी निदा बहरीनच्या शाळेत वाढलेली. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर मात्र इंग्रजीत येई. "अब्बा, यू आर अ मिनिस्ट्री," ती एकदा म्हणाली. नजीबला ते कौतुक वाटलं आणि त्याने ते ऑफिसात दोघांना सांगितलंही.

वर्कशॉपच्या फाटकावर रजबू बसे. हा टांझानियाचा, सरोवराकाठच्या कुठल्याशा गावचा, उंच, सावकाश बोलणारा. सिक्युरिटीचा निळा शर्ट त्याला दंडांवर आखूड होई. सकाळी नजीब आत शिरताना तो म्हणे, "हबारी?" त्याच्या भाषेत नमस्कार असाच करतात: काय बातमी? आणि उत्तरही ठरलेलं, "नझुरी." बातमी चांगली. घरात कुणी आजारी असो, छपराला भोक पडलेलं असो, पहिलं उत्तर चांगलीच. नजीबला ही पद्धत बेहद्द आवडली होती. एकाने विचारायचं, दुसऱ्याने चांगली म्हणायचं, खलास. असा ग्रुप चालवायला मिळाला तर काय हवं, असं त्याला दर सकाळी वाटे.

रजबू गावाकडे रेडिओवर होता हे सगळ्यांना माहीत होतं. एका छोट्या स्टेशनवर तो सकाळचा कार्यक्रम करी: मासळीचे भाव, फुटबॉल, रस्त्यांची हालहवाल. मग सरकारशी काहीतरी वाजलं आणि तो इथे आला. काय वाजलं ते नजीबने कधी खोदून विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या सरकारविषयी चौकशा करू नयेत, असाही त्याचा एक नियम होता.

भाद्रपद जवळ आला होता आणि बहरीनचा उन्हाळा मात्र हलायचं नाव घेत नव्हता. हवा अशी दमट, की सकाळी वाळत घातलेला शर्ट संध्याकाळी जास्त ओला निघे. अशा एका दुपारी ग्रुपवर गुंडू गावणकरचा मेसेज पडला. गुंडू वर्कशॉपमधला वेल्डर. वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर शेटनी कामगारांसाठी खोल्या केल्या होत्या, तिथेच राही. त्याने लिहिलं होतं: 'आमच्या वरच्या खोल्यांचा एसी बंद पडून लय दिवस झाले. पोरं गच्चीवर झोपतात. शेटना सांगून झालं. कोणाच्या वळखीचा मेकॅनिक असल तर कळवा.'

बिचाऱ्याने मेकॅनिकच मागितला होता. पण ग्रुपवरच्या लोकांना मेकॅनिक दिसला नाही, शेट दिसले. अस्करवरून कुणीतरी विचारलं, 'म्हणजे अध्यक्षसाहेबांच्या वर्कशॉपात?' त्याखाली दुसऱ्याने नुसतंच घामाघूम तोंडाचं चित्र टाकलं. त्या चित्राखाली पंचवीसेक चित्रं येईपर्यंत नजीबचा फोन वाजला.

"माज्या पोराच्या साखरपुड्याला अर्ध्या कोकणाला आवतान दिलंय मी," खिजरशेट फोनवर म्हणाले. शेट मोठ्याने बोलत नसत; हळू बोलत, आणि समोरच्याचे हातपाय गार पडत. "आनि हा मना ग्रुपवर उघडा पाडतोय. पैलं ते पूस."

"पुसतंय शेट."

"आनि ग्रुप बंद कर. म्हंजे बंद नको, तू तेवढा बोल, बाकीच्यांनी ऐकू दे. आनि त्याला माफी मागायला लाव. लिहून नको, लिवलेलं कोन वाचतो? त्याच्या आवाजात, सगळ्या ग्रुपसमोर. एक शब्द इकडचा तिकडं नको. तो बोलल तसंच जाऊ दे, म्हंजे लोकांना पटल." शेट थांबले. "त्याचा लीवचा अर्ज माज्या टेबलावर हाय ना? तो ऱ्हाऊ दे तितंच."

नजीबने मेसेज पुसला. 'नियमानुसार काढण्यात आले' असं लिहायला अंगठा पुढे झाला आणि पहिल्यांदाच अडला. कुठला नियम? राजकारण नव्हतं, धर्म नव्हता, आमसूलही नव्हतं. त्याने नुसतंच 'काढण्यात आले' लिहिलं. संध्याकाळी घरी निदाकडून ग्रुपला ते कुलूप लावून घेतलं, ज्यात ॲडमिन सोडून कुणालाच मेसेज पाठवता येत नाही. बाकीच्यांना फक्त आलेल्या मेसेजवर बोटभर चित्र चिकटवता येतं.

"सो नाऊ ओन्ली यू कॅन टॉक?" निदाने विचारलं.

"शिस्तीसाठी," नजीब म्हणाला.

"बरं झालं," नूरबानो स्वयंपाकघरातून म्हणाली. "घरात कुनी ऐकत नाय, तितं तरी ऐकतील."

नजीब हसला नाही. गुंडूची अडकलेली रजा त्याच्या डोक्यातून जात नव्हती. गुंडूच्या घरचा गणपती चार भावांत पाळीने फिरे, आणि या वर्षी पाळी गुंडूची होती. मागच्या वेळी त्याची पाळी आली तेव्हा त्याला रजा मिळाली नव्हती आणि धाकट्या भावाने पूजा केली होती. ते गुंडूने अजून स्वतःला माफ केलेलं नव्हतं. आणि हे नजीबला कुणी सांगायला नको होतं. दोघं एकाच खाडीचे, फक्त काठ वेगळे. नजीबचा बाप माणसं खाडीपार नेणारी होडी चालवायचा, आणि गावणकरांचा गणपती विसर्जनाला खाडीच्या मध्यावर न्यायचा तो नजीबच्या बापाच्याच होडीतून. लहानपणी नजीब त्या होडीत पाणी उपसायला बसे आणि पलीकडच्या टोकाला गुंडू गणपतीचा पाट घट्ट धरून बसलेला असे. मूर्ती पाण्यात गेली की गुंडू रडे आणि नजीब त्याच्याकडे न बघता पाणी उपसत राही. आता त्याच गुंडूचा रजेचा अर्ज शेटच्या टेबलावर पडून होता आणि तो तिथे नेऊन ठेवणारा नजीबच होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्याने गुंडूला बाजूला घेतलं.

"माफी?" गुंडू म्हणाला. "कशाची? एसी बंद हाय नजीबभाय. तुमी वर चला, दावतंव."

"एसीचं नाय रं. शेटना वाईट वाटलंय, त्याची."

"त्यांना वाईट वाटलं, आमाला गरम वाटतंय."

"गुंडू, गणपती," नजीब एवढंच म्हणाला.

गुंडू कप हातात फिरवत राहिला आणि मग, नवल म्हणजे, विसळून पालथा ठेवला. "मागतंव," तो म्हणाला. "पन मना माफी मागता येत नाय. मना वेल्डिंग सांगा. ग्रुपसमोर बोलायचं म्हंजे माजी जीभ आत जाते. तुमीच कायतरी शिकवा."

आणि इथे नजीब मुकादम, नियमांचे जाणकार, यांच्या डोक्यात ती नामी कल्पना आली. त्याला आठवलं की रजबूनेही एकदा माफी मागितली होती, आणि तीही साधीसुधी नाही, रेडिओवरून, सरकारच्या हुकमाने. एवढंच त्याने कधीतरी ओझरतं ऐकलं होतं. म्हणजे माणूस अनुभवी, आणि माफी सरकारमान्य! घरचा वैद्य असताना बाहेर का जा, असं स्वतःशी म्हणत तो गुंडूला घेऊन फाटकाकडे निघाला.

"हबारी?" रजबू म्हणाला.

"नझुरी, नझुरी," नजीब घाईने म्हणाला आणि मुद्द्यावर आला. या तिघांची भाषा म्हणजे हिंदी, इंग्रजी आणि अरबीची भेळ होती, पण पोट भरण्यापुरती पुरे. "रजबू, तुझ्या देशात तू माफी मागितली होतीस ना?"

रजबूने दोघांकडे पाहिलं. "मागितली होती. हुकूमच आला होता. सकाळच्या कार्यक्रमात, माझ्याच आवाजात, रोज वाचायची. आमच्याकडे रेडिओ, वर्तमानपत्र, सगळ्यांवर एक ऑफिस असतं. इंटरनेटवर बातम्या द्यायच्या तरी परवाना लागतो."

"शिस्तीचा देश," नजीब गुंडूला म्हणाला.

"फार," रजबू म्हणाला.

"मग याला जरा शिकव. चांगली मनापासूनची माफी. असं काहीतरी, की मालकाला बोलायला जागाच उरू नये."

"जागा उरू नये," रजबूने सावकाश म्हटलं. त्याचा चेहरा अगदी गंभीर होता. "ते जमतं मला." तो आणखी काही सांगणार होता, पण ऑफिसातून नजीबला हाक आली. गोदामाच्या जिन्याचं बिल अडलं होतं. तो दोघांना तिथेच सोडून धावत गेला. जाताना मागे वळून पाहिलं तर रजबू खुर्चीवर ताठ बसून हात हलवत काही सांगत होता आणि गुंडू मान डोलवत होता. चांगल्या हातात सोपवलं, असं वाटून नजीब निर्धास्त बिलाकडे वळला.

माफी त्याच्या फोनवर आली ती पुढच्या दिवशी दुपारी, काम सुटल्यावर. नजीबने ऑफिसचं दार लावलं, खुर्चीत टेकला आणि कानाला फोन लावला. आधी खाकरण्याचा आवाज आला आणि मग गुंडू बोलू लागला.

"नमस्कार मंडळी. मी गुंडू गावणकर, सलमाबाद. मी ग्रुपवर खोटं बोललंव, तर माफी मागतंव. मी म्हनलं का आमचा एसी बंद हाय. एसी बंद नाय. चालू हाय, आवाज पन करतो. फकस्त वारा येत नाय, पानी येतं. त्याला खाली बालदी लावलीव. पानी चांगलं हाय, शेटच्या किरपेनं आमी त्यात पाय धुतो."

नजीबने फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कानाला लावला.

"मी म्हनलं का पोरं गच्चीवर झोपतात. ते पन खोटं. पोरं गच्चीवर झोपत नायत, नुसती पडतात. झोप कुनाला लागत नाय. मी ग्रुपवर मेकॅनिक मागितला, म्हंजे शेटनी बोलावला नाय असं झालं. तर तसं नाय. शेटनी बोलावला, तो आला, रिफाला शेटच्या बंगल्यातला एसी करून गेला. आमचा जिना त्याला दिसला नसंल. जिना मीच वेल्डिंग केलाय, तर ती चूक पन माजीच. शेटचं मन लय मोठं हाय. त्यांनी आमाला गच्ची दिली. गच्चीवरनं समदं सलमाबाद दिसतं."

इथे गुंडू थांबला. जे पुढे आलं ते रजबूने शिकवलेलं नसणार, कारण आवाजच बदलला. "या साली गणपती माज्याकडं हाय. मागल्या टायमाला मना जायला गावलं नाय. म्हनून मी माफी मागतंव. मनापासून मागतंव. शेटनी राग धरू नये. संपलं."

माफी होती खरी. गुंडू दोनदा माफी म्हणाला होता आणि एकदा मनापासूनही म्हणाला होता. पण ही ऐकून शेटचं काय होईल याचा विचार करताना नजीबला एसी चालू असलेल्या ऑफिसात घाम फुटला. तो तडक फाटकावर गेला.

"हबारी?"

"हबारी गेली खड्ड्यात! हे काय शिकवलंस?"

"माफी," रजबू म्हणाला. "माझीच."

"तुझी कसली?"

मग रजबूने उरलेली गोष्ट सांगितली. त्याने रेडिओवर सांगितलं होतं की गावाबाहेरच्या नव्या पुलाला तडा गेला आहे. त्या ऑफिसाचं पत्र आलं: बातमी खात्रीची नाही, लोकांत घबराट पसरते, माफी वाचा. रजबूने वाचली. 'श्रोतेहो, पुलाला तडा गेला असं आम्ही म्हणालो, त्याबद्दल दिलगीर आहोत. पूल उत्तम आहे. पुलाच्या दोन भागांमध्ये जी फट दिसते ती हवा आहे, आणि हवा सगळीकडेच असते. बांधणारे कंत्राटदार सज्जन आहेत. त्यांनी त्याच सिमेंटात बांधलेलं स्वतःचं घर पुलाशेजारीच आहे, त्याला मात्र फट नाही, श्रोत्यांनी जरूर पाहून यावं. ट्रकवाल्यांनी पूर्ण विश्वासाने, पण एकेकाने जावं.' लोक माफी ऐकायला रेडिओभोवती जमत. काहींनी फोन करून, पुन्हा लावा, अशी फर्माईश केली. वर्षानुवर्षं तो मासळीचे भाव सांगत होता, पण एवढे श्रोते त्याला कधीच मिळाले नव्हते.

नजीबला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. "मग? पुढे काय झालं? पूल?"

"पूल दुरुस्त झाला," रजबू म्हणाला. "रेडिओ नाही झाला. त्याला कुलूप लागलं."

फाटकाबाहेरून एक ट्रक गेला आणि धूळ आत आली. रजबूने ती हाताने बाजूला सारली. नजीबने त्याला विचारलं, असं विचारायचा त्याचा नियम नव्हता तरी विचारलं, की पस्तावलास का.

"रोज सकाळी," रजबू म्हणाला. "तिथे आता कार्यक्रमाची वेळ झालेली असते. मी इथे बसून ट्रकचे नंबर लिहितो." मग जरा थांबून म्हणाला, "पण माझी बहीण त्या पुलावरून बाजाराला जाते."

नजीब तिथेच उभा राहिला. परत जाऊन गुंडूला सांगता आलं असतं, की पुन्हा बोल, दोन ओळींत आटप. गुंडू बोललाही असता. गणपतीसाठी तो काहीही बोलला असता. आणि तेच नजीबला सहन होईना. ज्या पोराला रडताना पाहू नये म्हणून त्याने लहानपणी मान खाली घालून पाणी उपसलं होतं, त्याला आता खोटं बोलायला लावायचं, आणि तेही नियमानुसार. नजीबला स्वतःची लाज वाटली. आपण इतकी वर्षं जी शिस्त म्हणत होतो ती बऱ्याचदा नुसती भीती होती, असं त्याला त्या धुळीत स्वच्छ दिसलं.

अडचण एकच होती. ग्रुपला कुलूप त्यानेच लावलं होतं. गुंडूला स्वतःची माफी स्वतः पाठवता येणार नव्हती. ती जायची तर नजीबच्या फोनवरून, नजीबच्या नावाने. उद्या कुणी विचारलं तर मला काय माहीत म्हणायची सोय त्याने स्वतःच बंद करून टाकली होती.

"शेट म्हनले एक शब्द इकडचा तिकडं नको," तो मोठ्याने म्हणाला. रजबूला त्यातलं अवाक्षर कळलं नाही, पण त्याने मान डोलावली. नजीबने बिस्मिल्ला म्हटलं आणि अंगठा दाबला.

ग्रुपवर कुणालाच बोलता येत नव्हतं. पण चित्रं चिकटवता येत होती. आधी एक जोडलेले हात आले, मग दुसरे, मग रांगच लागली. मग कुणीतरी बर्फाचा चौकोन लावला, कुणी पाण्याचा थेंब, आणि सरतेशेवटी अस्करच्या समस्त मंडळींनी पेंग्विन. नजीब त्या मुक्या पेंग्विनांकडे बघत घरी गेला. नूरबानोने माफी ऐकली, पदराने डोळे पुसले, आणि हसून की रडून ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. "आज पैल्यांदा तुमच्या ग्रुपवर कायतरी ऐकण्यासारकं आलं," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात तळलेल्या सुरमईचा मोठा तुकडा वाढला.

सकाळी शेटनी बोलावलं. नजीबने राजीनाम्याची वाक्यं पाठ केली होती. त्यांतही नियम होते. शेट खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"ऐकलीस ती माफी?" ते हळू म्हणाले.

"ऐकली शेट."

"पाठवायच्या आधी की नंतर?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती आणि शेटनी ती जणू हातात ठेवली होती. "आधी," नजीब म्हणाला.

शेट वळले. चेहरा झोप न झालेल्या माणसाचा होता. "अम्मीनं काल तीनदा ऐकली," ते म्हणाले. "तिला वाचता येत नाय, म्हनून मी मुद्दाम आवाजात माग म्हटलं होतं, की तिनं पन ऐकावं, लेकाची लोक माफी मागतात. तिनं ऐकली. म्हनाली, बोली आपल्या खाडीकडची वाटते, कोनाचा हा पोर? मी सांगितलं. तर जेवली नाय. म्हनाली, आपन गावात गुरांना पन गोठा देतो, तू पोरांना गच्ची दिलीस? सकाळी चहा घेऊन गेलो तर तोंड फिरवलं. विचारते, एसी झाला का." ते खुर्चीत बसले. "मना सांग नजीब, आता मी काय बोलू? माफी मागायला मीच लावलं. शब्द बदलू नको मीच म्हटलं. बोलायला जागाच नाय ठेवली त्यानं."

हसू दाबायला नजीबला फार कष्ट पडले.

शेटनी गुंडूचा अर्ज ओढला आणि सही केली. सही करताना पेनाचं टोक कागदात रुतलं. "मेकॅनिक येतोय दुपारी. जिना दाखव त्याला." मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, "तू नोकरीवर ऱ्हा. हिशेब तुज्यासारका कोन ठेवत नाय. पन ग्रुप ओवैस बगल आजपासून. पुतण्या हाय, मना विचारल्याबिगर श्वास घेत नाय."

नजीब जागेवर येऊन बसेपर्यंत काम झालेलं होतं. अध्यक्ष म्हणून शेटही नावापुरते ॲडमिन होतेच; त्यांनी ओवैसला ॲडमिन केलं होतं, आणि नजीब इतरांतला एक. कुलूप मात्र तसंच होतं. ते कसं लावायचं ते निदाला ठाऊक होतं. काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. आता नजीबला फक्त पेंग्विन चिकटवता येत होता. पूल दुरुस्त झाला, रेडिओ नाही, हे त्याला आठवलं. त्या ग्रुपवर त्याचा जीव होता.

दुपारी वरच्या मजल्यावर मेकॅनिकची हातोडी वाजू लागली. गुंडू सही झालेला अर्ज दोन्ही हातांत धरून आला. जीभ पुन्हा आत गेली होती. "बॅगेत जागा हाय," एवढंच तो शेवटी म्हणाला. "येका डब्याएवडी, गावाला तुमच्या अम्मीसाठी. बाकी जागा पन हाय, लोकांना सांगा."

सांगा! कुठे सांगणार? ज्या एका कामासाठी ग्रुप जन्माला आला होता ते किलोचं काम आता अडून बसलं होतं. ओवैस शेटना विचारणार, शेट गुंडूचं नाव ऐकून तोंड वाकडं करणार, आणि गुंडूची बॅग अर्धी रिकामी जाणार. नजीब उठला. त्याने किटलीतून तीन कप चहा ओतला आणि गुंडूला घेऊन फाटकाकडे निघाला. काम सुटायची वेळ होती. आजूबाजूच्या गोदामांतली, गॅरेजांतली माणसं बसची वाट बघत फाटकासमोरच्या सावलीत जमू लागली होती. त्यांत कोकणातली तोंडं बरीच होती. नजीबला बघून ती एकमेकांकडे बघू लागली. ॲडमिन गेल्याची बातमी ओवैसने पहिल्याच मेसेजात दिली होती.

रजबूने चहाचा कप घेतला, एक घोट घेतला आणि नेहमीसारखं विचारलं, "हबारी?"

'नझुरी' नजीबच्या ओठांपर्यंत आलं. इतकी वर्षं त्याला हेच उत्तर आवडत आलं होतं. त्याने ते गिळलं, कप फाटकाच्या कठड्यावर ठेवला, पालथा न ठेवता तसाच, आणि सावलीतल्या लोकांकडे तोंड करून घसा साफ केला.

"ऐका रं सगळ्यांनी," तो म्हणाला. "बातमी अशी हाय..."

रजबूने आपली खुर्ची उचलून त्याच्या मागे ठेवली आणि स्वतः उभा राहिला.